अर्ध्या इंचाचा इतिहास

क्लचचं पेडल पार जमिनीला टेकलंय आणि तरी रिव्हर्स टाकताना गिअरबॉक्समधून 'खर्रर्र' असा आवाज येतोय. ज्यांच्या घरी कधीकाळी पद्मिनी किंवा अँबेसिडर होती त्यांना हा आवाज कानांनी नाही, थेट दातांनी आठवेल. रस्त्यावरचे दोन-चार लोक वळून बघतात, चालवणारा कसनुसं हसतो आणि शेजारी बसलेला माणूस हमखास म्हणतो, "गिअरबॉक्स गेला वाटतं."

गिअरबॉक्स बहुतेक वेळा गेलेला नसतो. क्लच सुटत नसतो. क्लचचे मुख्य आजार दोन, आणि ते एकमेकांच्या बरोब्बर उलटे. एकात क्लच घसरतो, म्हणजे इंजिन बोंबलतं पण गाडी पुढे सरकत नाही. दुसऱ्यात क्लच सुटत नाही, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांचा हात सोडत नाहीत. पहिल्या आजाराबद्दल बोलण्यासारखं फार नाही. प्लेट झिजली किंवा तिला तेल लागलं, एवढंच बहुधा असतं. दुसरा मात्र डिटेक्टिव्ह कथेसारखा आहे, आणि त्याचे सगळे संशयित वेगवेगळ्या काळात जन्मलेले आहेत. म्हणून या शनिवारी क्लच.

हे डोक्यात आलं त्याला कारण एक जुनी गाडी. २०२३ साली कामानिमित्त मी काही महिने इंग्लंडात लेमिंग्टन स्पा नावाच्या गावात राहत होतो. शेजारी एक सत्तरी ओलांडलेले आजोबा. (त्यांना मी तोंडावर अर्थातच आजोबा म्हणत नव्हतो, पण इथे तेच म्हणतो.) त्यांच्या गॅरेजमध्ये १९७१ सालची एमजीबी, दोन दारांची उघडी स्पोर्ट्स कार. आजोबांची अख्खी नोकरी गावातल्याच 'ऑटोमोटिव्ह प्रॉडक्ट्स'च्या स्टोअर्समध्ये झालेली. विसाव्या शतकात ब्रिटिश गाड्यांना लागणारे 'बोर्ग अँड बेक'चे क्लच आणि 'लॉकहीड'चे हायड्रॉलिक ब्रेक परवाना घेऊन बनवणारी ही कंपनी. थोडक्यात, आजोबांनी आयुष्यभर क्लचचे खोके मोजले, पण एकही उघडला नव्हता.

त्यांच्या गाडीचा क्लच सुटत नव्हता. आदल्या वर्षी एका गॅरेजने इंजिन बाहेर काढून नवा क्लच बसवून दिला होता, आठशे पौंडांच्या आसपास बिल. दोन महिने बरे गेले आणि पुन्हा खर्रर्र. आता तेच गॅरेज म्हणत होतं, इंजिन परत काढावं लागेल. आजोबा कंटाळले होते. 'चालू स्थितीत नाही' असं लिहून गाडी मिळेल त्या भावाला विकायची, असं त्यांनी ठरवलं होतं. मी मेकॅनिकल घेऊन पास झालो आणि सॉफ्टवेअरमध्ये आलो, त्यामुळे असल्या वेळी माझ्यातला अपूर्ण राहिलेला इंजिनिअर जागा होतो. म्हटलं, विकण्याआधी एक रविवार द्या.

त्या रविवारपर्यंत मी जे काही वाचलं त्यातून एक गोष्ट लक्षात आली. पेडलपासून प्लेटपर्यंत जे पार्ट्स रांगेत उभे आहेत, त्यातला प्रत्येक जण आधीच्या कोणाची तरी चूक सुधारायला आलेला आहे. आणि येताना स्वतःची एक नवीन चूक घेऊन आलेला आहे. (ओळखीचं वाटतंय का? आमच्या धंद्यात याला 'लेगसी सिस्टीम' म्हणतात.)

तर अगदी पहिल्यापासून. पेट्रोल इंजिनाला शून्यातून सुरू होता येत नाही. ते फिरत असलं तरच जोर देतं. वाफेच्या इंजिनाला ही अडचण नव्हती, सिलिंडरमध्ये वाफ सोडली की ते जागेवरून ओढायला लागायचं. त्यामुळे पेट्रोलच्या गाडीत इंजिन फिरत ठेवून चाकांपासून तोडायची काहीतरी सोय हवीच होती. कार्ल बेंझच्या १८८६च्या तीनचाकीत ही सोय पट्ट्याने केलेली होती. पट्टा मोकळ्या पुलीवरून घट्ट पुलीवर सरकवला की गाडी चालू. गावाकडची जुनी पिठाची गिरणी ज्यांनी पाहिलीय त्यांना वेगळं सांगायला नको. गंमत म्हणजे 'क्लच सुटत नाही' ही तक्रार या रचनेत जवळजवळ नव्हतीच. पट्टा एकदा मोकळ्या पुलीवर गेला की गेला. तक्रार होती ती घसरण्याची, विशेषतः पावसात आणि चढावर.

मग १८९१च्या सुमारास फ्रान्समध्ये पॅनहार-लव्हासॉरच्या गाड्या आल्या. इंजिन पुढे, त्यामागे क्लच, त्यामागे गिअरबॉक्स, आणि ओढ मागच्या चाकांना. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगभरच्या गाड्या याच क्रमाने बांधल्या गेल्या, आजोबांची एमजीबीसुद्धा. या काळातला क्लच शंकूच्या आकाराचा होता. फ्लायव्हीलच्या आतली बाजू नरसाळ्यासारखी, आणि तिच्यात बरोबर बसेल असा, कातडं लावलेला दुसरा शंकू. स्प्रिंग त्याला आत ढकलते, पेडल बाहेर ओढतं.

पाचर ठोकल्यासारखी ही रचना. थोड्या जोरात भरपूर पकड मिळते हा तिचा गुण, आणि तोच अवगुण. पाचर बसते पटकन, निघते नाखुशीने. कातडं कोरडं पडलं की क्लच धसकन पकडायचा आणि गाडी बेडकासारखी उडी मारायची. त्यावर उपाय काय, तर कातड्याला तेल चोळणं. काही जण नीट्सफूट म्हणजे जनावरांच्या पायांच्या हाडांचं तेल वापरायचे, काही जण एरंडेल. तेल जास्त झालं की क्लच घसरायचा, मग त्यावर मुलतानी माती भुरभुरवायची. मी थट्टा करत नाहीये. त्या काळच्या ड्रायव्हरच्या पेटीत एरंडेल आणि मुलतानी माती या दोन्ही वस्तू असायच्या. आपल्या आज्यांना हा क्लच एका दिवसात दुरुस्त करता आला असता.

पण शंकूची खरी भानगड वेगळीच होती, आणि रोगनिदानाच्या दृष्टीने ती महत्त्वाची. शंकू जड. तो गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसलेला. पेडल दाबून तो पूर्ण सुटला तरी स्वतःच्या वजनाने भोवऱ्यासारखा फिरतच राहायचा. गिअर टाकला की खर्रर्र. म्हणजे क्लच व्यवस्थित सुटलेला आहे, तरी आवाज न सुटल्याचा. त्यासाठी काही गाड्यांत 'क्लच स्टॉप' नावाचा छोटासा ब्रेकच बसवलेला असायचा, जो सुटलेल्या शंकूला थांबवायचा. म्हणून आजही जाणकार सांगतात की पेडल दाबून लगेच गिअर टाकून निष्कर्ष काढू नका. दाबा, चार-पाच सेकंद थांबा, मग टाका. थांबल्यावर आवाज गेला तर ते नुसतं उरलेलं फिरणं होतं. थांबूनही आवाज येत असेल तर प्लेटला कोणीतरी मागून अजून फिरवतंय.

शंकूनंतरचा प्रयोग अनेक पातळ चकत्यांचा. यातलं प्रसिद्ध नाव हेन्री सेल्बी हेले-शॉ. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात 'हेले-शॉ फ्लो'वर पाच मार्कांचा प्रश्न ज्यांनी सोडून दिला होता, त्यांच्यासाठी: हो, तोच माणूस. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याचा बहुचकती क्लच बऱ्याच गाड्यांत बसला. चकत्या तेलात बुडालेल्या, त्यामुळे पकड अगदी मऊ. पण थंडीच्या सकाळी तेल काकवीसारखं घट्ट व्हायचं आणि चकत्या एकमेकींना चिकटून बसायच्या. पेडल दाबून उपयोग शून्य. इंजिन गरम होईपर्यंत क्लच सुटायचा नाही. मोटरसायकलवाल्यांना हे आजही माहीत असतं. सकाळी पहिला गिअर टाकताना बाईक 'टक्' करून हलते, तो याच चिकटण्याचा नातू.

शेवटी जिंकली ती सगळ्यात साधी रचना. एकच पातळ, कोरडी प्लेट, फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यात सँडविचसारखी दाबलेली. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या बोर्ग आणि बेक या जोडीचं नाव या क्लचला चिकटलं, १९२८ साली त्यांची कंपनी बोर्ग-वॉर्नरमध्ये सामील झाली. पण पातळ प्लेट शक्य झाली ती घर्षणाच्या मालामुळे. तिथे इंग्लंडातल्या डर्बीशायरच्या हर्बर्ट फ्रूडचं नाव घ्यायला हवं. उतारावर शेतकरी घोडागाडीच्या लाकडी ब्रेकला जुने बूट ठोकतात हे पाहून त्याला कल्पना सुचली असं सांगतात. १८९७ साली त्याने 'फेरोडो' सुरू केली. पुढे कातडं आणि कापूस जाऊन ॲस्बेस्टॉस आलं. उष्णतेला अप्रतिम, फुफ्फुसांना घातक. ब्रिटनमध्ये १९९९ साली त्यावर पूर्ण बंदी आली, पण जुन्या गाडीत जुनी प्लेट अजूनही निघू शकते. त्यामुळे जुना क्लच उघडलात तर आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने कधीही उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा. हे विषयांतर नाही, यात लोकांचे जीव गेलेत.

हलक्या प्लेटमुळे भोवरा थांबला. पण सुटण्याची नवीन तऱ्हा आली. प्लेट पातळ, आणि क्लच सोडताना प्रेशर प्लेट मागे सरकते ती जेमतेम दीड मिलिमीटरच्या आसपास, तीसुद्धा प्लेटच्या दोन्ही बाजूंना वाटून. शंकूच्या काळात 'सुटणं' डोळ्यांना दिसायचं. इथे सगळा खेळ नखाच्या जाडीचा. त्यातही प्रेशर प्लेट मागे ओढायला तीन छोटे लिव्हर असायचे. त्यांची उंची तंतोतंत सारखी नसेल तर प्लेट तिरकी सुटायची, म्हणजे एका बाजूला मोकळी आणि दुसऱ्या बाजूला घासतेय.

याचं उत्तर एका जुन्या स्प्रिंगमध्ये होतं. ज्युलियन बेल्व्हिल नावाच्या फ्रेंच माणसाने १८६७ साली उथळ बशीच्या आकाराच्या स्प्रिंगचं पेटंट घेतलेलं होतं. नेहमीची गुंडाळी स्प्रिंग जितकी दाबाल तितकी जास्त विरोध करते. ही बशी एका मर्यादेपुढे दाबली की विरोध उलट कमी व्हायला लागतो. १९३६ साली जनरल मोटर्सच्या आल्मेन आणि लास्लो या दोघांनी तिचं गणित पेपरात मांडलं, जे आजही डिझाईनच्या पुस्तकांत आहे. या बशीला आतून चिरा देऊन पाकळ्या केल्या की झाली 'डायफ्रॅम स्प्रिंग'. मधोमध पाकळ्या दाबा, बाहेरची कड उचलली जाते. तीन लिव्हर गेले, त्यांची उंची जुळवणं गेलं, पेडल हलकं झालं. १९५५च्या एमजीएमध्ये गुंडाळी स्प्रिंगवाला आठ इंची क्लच होता, १९६२च्या एमजीबीमध्ये त्याच आकाराचा डायफ्रॅमवाला आला.

आता उरला पेडलपासून क्लचपर्यंतचा रस्ता, आणि आपला गुन्हेगार बहुतेक वेळा इथेच दडून बसतो. आधी हा रस्ता सरळ होता, लोखंडी दांडा किंवा तार. जुन्या टी-सिरीज एमजींमध्ये तसंच होतं. पण १९३१ साली क्रायस्लरने 'फ्लोटिंग पॉवर' नावाने इंजिन रबरावर तरंगवायला सुरुवात केली आणि हळूहळू सगळ्यांनीच ते उचललं. इंजिन रबरावर आलं म्हणजे ते हलणार. पेडल गाडीला जोडलेलं, क्लच इंजिनाला जोडलेला, आणि मधे कडक दांडा. इंजिन हललं की दांडा क्लचला आपोआप थोडा दाबणार, थोडा सोडणार. निघताना गाडीला हुडहुडी भरायची ती यामुळे.

द्रवाला ही अडचण नाही, त्याची नळी वाकते. माल्कम लॉकहीड (विमानांच्या लॉकहीड बंधूंपैकीच एक) याने १९१७ साली हायड्रॉलिक ब्रेकचं पेटंट घेतलं, १९२१च्या ड्यूसेनबर्गमध्ये ते चारही चाकांवर आले, आणि काही दशकांनी तीच युक्ती क्लचला लागली. एमजीएमध्ये ब्रेक आणि क्लच दोघांचा मिळून एकच जोड-मास्टर सिलिंडर होता, एमजीबीमध्ये दोन वेगळे झाले. मग द्रवाने स्वतःचे आजार आणले. हवा शिरली की ती स्पंजासारखी दबते. ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि सिलिंडर आतून गंजतो. रबरी सील झिजतात. आणि कोणी हुशाराने चुकून इंजिन ऑइल ओतलं तर सील फुगून बाद होतात.

एमजीबीबद्दल दोन शब्द, कारण तिच्यावर माझा जीव जडलाय. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावात १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त बनल्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. सप्टेंबर १९७९ मध्ये कारखाना बंद करण्याची घोषणा झाली, ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली. तिचं १७९८ सीसीचं इंजिन बीएमसीच्या बी-सिरीज घराण्यातलं. आपल्या अँबेसिडरचं १४८९ सीसीचं इंजिनही त्याच घराण्यातलं. तेव्हा २०१४ मध्ये उत्तरपाड्याला अँबेसिडर थांबेपर्यंत आपण सगळे एका स्पोर्ट्स कारच्या थोरल्या बहिणीला टॅक्सी म्हणून हात करत होतो :)

असो. रविवारी सकाळी कामाला लागलो. पहिली परीक्षा रिव्हर्सची. एमजीबीचे पुढचे चारही गिअर १९६७पासून सिंक्रोमेशचे झाले, म्हणजे गिअर जुळण्याआधी त्यांचे वेग सारखे करणारे पितळी कडे आले. (कॅडिलॅकने १९२८ साली आणलेली ही सोय.) हे कडे फार सोशिक असतात. क्लच थोडा घासत असेल तर ते स्वतः झिजून प्लेटला थांबवतात आणि तक्रार वर येऊ देत नाहीत. रिव्हर्सला हे कडे नाहीत, त्यामुळे खरं तेवढं तोच बोलतो. इंजिन चालू, पेडल दाबलं, पाच आकडे मोजले, रिव्हर्स टाकला. खर्रर्र.

दुसरी परीक्षा, पेडल भराभर तीनदा पंप करून लगेच टाकायचा. पंप केल्याने एकदम सुधारलं तर हवा किंवा सील. इथे किंचित सुधारलं. म्हणजे हवा असलीच तर थोडी, आणि बाकीचं दुखणं दुसरीकडे.

तिसरी परीक्षा खरी, आणि या सगळ्या लेखाचं कारण. क्लचचा फोर्क गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या भागातून बाहेर डोकावतो, आणि गाडीखालचा स्लेव्ह सिलिंडर त्याला दांड्याने ढकलतो. पेडल पूर्ण दाबल्यावर हा दांडा किती सरकतो ते पट्टीने मोजायचं. एमजीबीवाल्यांचा ठोकताळा आहे अर्धा इंच, म्हणजे साधारण साडेबारा मिलिमीटर. तेवढा सरकत असेल आणि तरी क्लच सुटत नसेल, तर दोष आत आहे. प्लेट वाकलेली, गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली किंवा उलटी बसवलेली, नाहीतर क्रँकशाफ्टच्या टोकातला छोटा ब्राँझ बुश आवळलेला. त्या वेळी इंजिन काढण्याला पर्याय नाही. पण त्याहून कमी सरकत असेल तर दोष बाहेर आहे आणि इंजिनाला हात लावायचं काही कारण नाही. एवढी साधी पट्टीची मोजणी आठशे पौंडांच्या आधी कोणी केली नव्हती.

आजोबा पेडलवर, मी गाडीखाली. साडेनऊ मिलिमीटर. पुन्हा दाबा म्हटलं. साडेनऊ.

खात्री म्हणून इंजिनाची पुढची पुलीही बघितली. क्लच दाबताना बेअरिंग अख्ख्या क्रँकशाफ्टला पुढे ढकलतं, आणि क्रँकचे थ्रस्ट वॉशर झिजले असतील तर क्रँकच पुढे पळतो, म्हणजे दाबलेलं वाया. पुली डोळ्याला दिसेल इतकी हलली असती तर प्रकरण गंभीर होतं. नाही हलली. हुश्श.

मग तीन मिलिमीटर गेले कुठे? इथे थोडं गणित. मास्टर सिलिंडरचा व्यास पाऊण इंच, स्लेव्हचा सव्वा इंच. क्षेत्रफळांचं गुणोत्तर साधारण २.८. म्हणजे मास्टर २.८ मिलिमीटर सरकला तर स्लेव्ह १ मिलिमीटर सरकतो. जोर वाढतो, अंतर कमी होतं. सव्वासहा दशकांपूर्वी कोणीतरी टेबलावर बसून हे ठरवलं, आणि पेडलच्या पूर्ण फेरीतून फोर्कला अर्धा इंच मिळेल एवढाच हिशेब ठेवला. खिशात शिल्लक फारशी नाही.

आधी आम्ही फोर्कच्या टोकाची पिन पाहिली. चांगलीच झिजलेली. मला वाटलं सापडला चोर. आणि इथे मी चुकलो होतो. स्लेव्हच्या आत एक हलकी स्प्रिंग असते, ती दांड्याला कायम पुढे टेकवून ठेवते. त्यामुळे फोर्कच्या बाजूची ढिलाई पेडल दाबायच्या आधीच भरून निघालेली असते, हिशेबात येत नाही. प्लेट झिजते तसा क्लच आपोआप जुळत जातो तो याच सोयीने. पिन झिजलेली होती पण निर्दोष.

तशीच पिन पेडल आणि मास्टरच्या मधे असते. तिथे उलट. पेडलची स्प्रिंग पेडलला मागे ओढते, मास्टरची स्प्रिंग पिस्टनला मागे ढकलते, आणि मधली ढिलाई दर वेळी नव्याने उघडते. पेडल दाबलं की पहिले काही मिलिमीटर नुसते ती भरण्यात जातात. बॉनेट उघडून पेडलबॉक्सचं झाकण काढलं. गंजलेले स्क्रू, अर्धा तास त्यातच गेला. पिन बाहेर आली ती मधोमध डमरूसारखी बारीक झालेली. पेडलमधलं भोक गोल राहिलं नव्हतं, अंड्यासारखं झालं होतं. दोन्ही मिळून ढिलाई चार मिलिमीटरच्या घरात. भागिले २.८, म्हणजे फोर्कवर जवळपास दीड मिलिमीटर. अर्धी चोरी पकडली. पन्नास वर्षं एकच डावा पाय तिथे रोज थोडं थोडं लोखंड खात होता.

उरलेली अर्धी लवचीक नळीत होती. मी नळी मुठीत धरली, आजोबांनी पेडल दाबलं, आणि ती फुगलेली चक्क हाताला जाणवली. जुनं रबर. द्रव क्लचकडे जाण्याऐवजी नळीचं पोट वाढवत होता. गॅरेजने क्लच नवा घातला, स्लेव्ह नवा घातला, पण नळी आणि पिन तशीच ठेवली. नव्या क्लचमुळे काही दिवस निभावलं असेल, मग झीज थोडी पुढे सरकली आणि पुन्हा उंबरठ्याच्या अलीकडे.

पुढच्या शनिवारी पेडलचं भोक भरून पुन्हा गोल पाडून आणलं. पिन नवी, नळी नवी, ब्रेक ऑइल नवं. हवा काढणं मात्र त्रासाचं. वरून पेडल मारून काढायला गेलो तर बुडबुडे नळीच्या उंचवट्यावर अडकून बसतात. शेवटी उलटं केलं, खाली स्लेव्हच्या निपलमधून पिचकारीने ऑइल वर ढकललं. बुडबुड्यांना तसंही वरच जायचं असतं. मोजलं, साडेबारा.

पेडल दाबलं, पाच आकडे मोजले, रिव्हर्स टाकला. काही आवाज नाही. आजोबांनी परत काढला, परत टाकला. असं सात-आठ वेळा झालं. मग त्यांनी ती डमरूसारखी पिन उचलली आणि विचारलं की ही आमच्याकडची का? मी सांगितलं की नाही, तुमच्या कारखान्यात क्लच आणि सिलिंडर बनायचे, ही साधी पिन आहे. ते जरा खूश झाले असं वाटलं.

एक गोष्ट सांगायला हवी. क्लचमध्ये एक जागा अशी आहे जी पुन्हा लवकरच खर्च काढणार. या गाड्यांत पाकळ्यांवर दाबणारं बेअरिंग गोळ्यांचं नसतं, ग्राफाइटची कडी असते. स्वस्त, मुकी, वंगण लागत नाही. पण पेडलवर पाय टेकवून ठेवायची सवय असेल तर पेन्सिलीसारखी झिजते. हिंजवडीच्या संध्याकाळच्या रांगेत ती किती टिकेल याचा विचारही नको. आजोबा सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पाय बाजूला घेतात, तेव्हा काही वर्षं निघतील.

गाडी विकली नाही. मी परत आलो तेव्हा दर रविवारी ती बाहेर निघत होती. दुसरा गिअर मात्र अजून घाईत टाकला की कुरकुरतो. क्लच नीट सुटत नव्हता त्या सगळ्या काळात त्या सोशिक पितळी कड्याने बिचाऱ्याने एकट्याने भार सोसला, आणि ते संपलं. ते बदलायला गिअरबॉक्स उघडावा लागतो, आणि एमजीबीचा गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे आधी इंजिन बाहेर काढावं लागतं. आजोबा म्हणाले, दुसरा गिअर सावकाश टाकेन.